बुंदीचा खुराक

बुधाजी रोकडे अंबरनाथच्या एका रसायनाच्या कारखान्यात एकतीस वर्षं बॉयलरवर होते. २००३ साली निवृत्त झाले. बॉयलरवरच्या माणसाला वेळ अंगवळणी पडते. भट्टीला कोळशाचा खुराक वेळेवर घालायचा, आधी नाही, नंतर नाही. घातला की दाबाचा काटा बघायचा. घरीही त्यांचं तसंच चालायचं. चहा सहाला. पाणी साडेसहाला. चपला दाराच्या डाव्या हाताला, छत्री खिळ्याला, टेबल भिंतीपासून वीतभर. कुणी काही हलवलं तर ते बोलत नसत. उठत आणि परत जागेवर ठेवत.

घर उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये, पहिल्या मजल्यावर. दोन खोल्या आणि जाळी लावलेली गॅलरी. एकुलती मुलगी संध्या लग्न होऊन बदलापूरला गेलेली. घरात ते, पत्नी द्रौपदी आणि बुंदी.

बुंदी म्हणजे मांजर. पांढऱ्या अंगावर पिवळे ठिपके, म्हणून बुंदी. पिल्लू असताना गल्लीतल्या कुत्र्यानं तिचा मागचा पाय धरला होता. द्रौपदीनं तिला सोडवून पदरात घालून वर आणलं, हळद भरली, पट्टी बांधली. पाय वाचला, पण लंगडा राहिला. तेव्हापासून बुंदी कधी जिना उतरली नाही. उंदीर, पाल, चिमणी, मांजर स्वतःच्या कष्टानं जे मिळवतं त्यातलं काही तिच्या वाट्याला नव्हतं. ताटलीत पडेल तेच तिचं अन्न.

ताटलीत काय पडतं, याची चौकशी बुधाजींनी कधी केली नव्हती. ते खातं द्रौपदीचं. ती काहीतरी मासळीचं उकडायची, थोडा भात कालवायची. मांजर गुबगुबीत होतं, अंगावर तकाकी होती. चालू यंत्राला कोण हात लावतं?

२००४ च्या पावसाळ्यात संध्याला मुलगा झाला. नोकरीवर लवकर हजर व्हायचं होतं आणि सासू हयात नव्हती. द्रौपदी बदलापूरला राहायला गेली. तान्ह्या पोराच्या घरात मांजर नको, म्हणून बुंदी इथंच राहिली. रिक्षात बसताना द्रौपदी म्हणाली, "अहो, माझं बाकी काही नाही. हिचं तेवढं बघा."

"तुझ्यापेक्षा वेळेवर घालीन."

"वेळेचं नाही म्हणत मी. काय घालाल ते म्हणते. कमळाबाईकडं जात जा."

"जाईन. तू पोराकडं लक्ष दे."

कमळाबाई मार्केटच्या तोंडाशी पाटी मांडून मासळी विकायची. बुधाजी दुसऱ्याच दिवशी सकाळी पिशवी घेऊन गेले. त्यांना बघून बाईनं कोयत्यावरचा हात थांबवला.

"काय बुधाजीभाव! बाई गेली नातवाकडं, आन आता तुमची ड्युटी लागली काय मांजरीवर?"

"लागली. काय देतेस?"

"तुमची बाई न्यायची तेच देते." तिनं पाटीखालून एक डबा ओढला. सुरमईची, बांगड्याची मुंडकी, कल्ले, शेपट्या. "रोज न्यायची. पैसे नको ह्याचे. न्हाईतरी टाकूनच देनार हाय मी."

बुधाजींचा हात पिशवीवरच राहिला.

"द्रौपदी हे न्यायची?"

"मग! कधी मांदेलीचा वाटा घ्यायची, त्याच्याबरोबर हे."

"आमच्या घरात टाकलेलं येत नाही."

कमळाबाई हसली. शेजारच्या कोथिंबीरवालीकडं बघून म्हणाली, "ऐकलंस का गो? अहो भाव, तुम्हाला कोन वाढतंय? मांजरीला देते मी!"

आजूबाजूचे दोघंतिघं हसले. बुधाजी वळले आणि रिकामी पिशवी घेऊन घरी आले.

त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. पण बुधाजींना ते लागलं, आणि का लागलं ते कमळाबाईला ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्यांचं गाव मुरबाडकडचं. बाप गावकीची कामं करायचा आणि मोबदल्यात गाव देईल ते आणायचा. शिळ्या भाकरी, सणाचं उष्टं, मेलेल्या ढोराचा वाटा. घरात दोरीवर मांस वाळत असे. छप्पन्न साली बापानं दीक्षा घेतली. बुधाजी तेव्हा बारा वर्षांचे होते. बाप घरी आला, त्यानं दोरी तोडली, भाकरीची टोपली चुलीत घातली आणि सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, "आजपासून टाकलेलं उचलायचं नाही. फुकट दिलेलं घ्यायचं नाही. खायचं ते बाजारात ताठ उभं राहून, दाम देऊन आणायचं." त्या वर्षी घर अनेकदा उपाशी झोपलं. पण शब्द मोडला नाही. बुधाजींनी कारखान्यात कुणाच्या डब्यातला घास घेतला नाही. कँटीनमध्ये उरलेले पाव कामगार वाटून घेत, त्या रांगेत ते कधी उभे राहिले नाहीत. आणि त्यांच्याच घरात त्यांच्याच मागे रोज डोकी येत होती, या विचारानं त्यांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

द्रौपदीला मात्र ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

दोन दिवस त्यांनी दूध-चपाती घातली. बुंदीला जुलाब झाले. मग कुणीतरी सांगितलं, कॅम्प तीनच्या बाजारात जनावरांचा तयार खुराक मिळतो. बुधाजी शेअर रिक्षानं गेले. जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांच्या गल्लीत जेठानंद नावाच्या सिंधी गृहस्थाचं दुकान होतं. पक्ष्यांचे दाणे, माशांच्या काचपेट्या, पट्टे, साखळ्या. मांजराचा खुराक लहान रंगीत पाकिटांत होता आणि पेन्शनवाल्या माणसाला रोज परवडेल असा नव्हता. खाली उघड्या गोणीत तपकिरी गोळ्या होत्या. गोणीवर कुत्र्याचं चित्र.

"हे?" बुधाजींनी विचारलं.

"ये सस्ता पडेगा, साईं. किलो के भाव में."

"हे कुत्र्याचं आहे ना?"

"कुत्ता क्या, बिल्ली क्या, दोनों जानवर. भूख लगेगी तो सब खायेगी."

बुधाजींनी गोळी हातात घेऊन दाबली. कोरडी, कडक, स्वच्छ. वास नाही, रक्त नाही, पाणी नाही. गोणीवर प्रथिनं किती, चरबी किती, असं छापलेलं होतं. त्यांनी ते चष्मा लावून वाचलं. छापील मजकुरावर त्यांचा विश्वास होता. आयुष्यभर ते बॉयलरवरची पाटी वाचून काम करत आले होते. मांजर कुत्र्यापेक्षा लहान, म्हणजे माप कमी घालायचं, एवढा हिशेब त्यांनी केला. ताठ उभं राहून दाम दिला आणि दोन किलो घेऊन आले.

बुंदीनं गोळ्या हुंगल्या आणि तोंड फिरवलं. पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी ती त्यांच्या पायांत घोटाळून ओरडत राहिली. शेजारचे श्यामकांत दारातून म्हणाले, "बुधाजी, तिला काहीतरी द्या हो. रात्रभर रडतेय."

"दिलंय. ताटलीत आहे."

"तिला नको असेल ते."

"नको म्हणून चालत नाही. भूक लागली की खाईल."

तिसऱ्या दिवशी बुंदीनं गोळ्या खाल्ल्या. एकेक, डोकं वाकडं करून, दाढेखाली फोडत. बुधाजींना समाधान वाटलं. त्यानंतर सकाळी सातला एक वाटी, संध्याकाळी सातला एक वाटी. एक दिवस चुकला नाही. हे खरंच आहे. आळस, कंटाळा, विसर, यातलं काहीही त्यांच्या माथी मारता येणार नाही. त्यांना ताप होता तेव्हाही भिंत धरून ते उठले आणि वाटी भरली.

द्रौपदी महिन्यातून एखाद्या रविवारी यायची. पहिल्यांदा ताटली बघून म्हणाली, "हे काय खडे घालताय?"

"खडे नाहीत. तयार खुराक आहे. सगळं मोजून घातलेलं असतं त्यात."

"कमळाबाईकडं नाही गेलात?"

"गेलो होतो," बुधाजी म्हणाले, आणि पुढं बोलले नाहीत. द्रौपदीनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. तिला कळलं असावं. तीही गप्प बसली. एकदा ती बदलापूरहून डब्यात तळलेला बोंबील घेऊन आली, तर बुधाजींनी डबा बाजूला सरकवला. "सवय मोडू नको तिची. मोठ्या मुश्किलीनं लागलीय."

असं पावणेदोन वर्षं चाललं.

२००६ च्या एप्रिलमध्ये जयंतीसाठी गल्लीतली सगळी घरं रंगत होती. बुधाजी दरवर्षी स्वतः रंग काढायचे. तेराव्या तारखेला त्यांनी सामान हलवलं. कपाट मधे ओढलं, टेबल दाराशी नेलं, पाण्याचं पिंप गॅलरीच्या तोंडाशी ठेवलं. भिंतीला पहिला हात मारून ते स्टुलावरून खाली उतरले, तेवढ्यात बुंदी आतल्या खोलीतून आली. नेहमीच्या चालीनं, शेपटी वर. सरळ कपाटावर जाऊन आदळली.

बुधाजींना वाटलं, रंगाच्या वासानं बावरली. बुंदी मागं झाली, वळली, आणि टेबलाच्या पायावर आदळली. मग ती जागच्या जागी बसली आणि कान फिरवू लागली.

बुधाजींनी ब्रश डब्यात ठेवला. तिच्यासमोर उकिडवे बसले. तोंडाजवळ हात हलवला, वारा लागणार नाही असा. ती हलली नाही. टॉर्च आणून डोळ्यांवर धरला. बाहुल्या ताटासारख्या मोठ्या होत्या आणि मोठ्याच राहिल्या. आतून हिरवा उजेड परत आला.

त्यांच्या घरात गेल्या जयंतीच्या रंगानंतर एकही वस्तू जागची हलली नव्हती. बुंदीला प्रत्येक पाय, प्रत्येक कोपरा पाठ होता. ती अंधारात चालत होती आणि त्यांना ती उजेडात चालतेय असं वाटत होतं.

रंग तसाच टाकून त्यांनी तिला कापडी पिशवीत घातलं, डोकं बाहेर ठेवलं आणि अंबरनाथला एका डॉक्टरबाईंचा प्राण्यांचा दवाखाना होता तिथं नेलं. बाई तरुण होत्या. त्यांनी डोळ्यांत उजेड टाकून पाहिलं, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं.

"कधीपासून दिसत नाही?"

"माहीत नाही."

"खायला काय देता?"

त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. नमुना आणला होता. बाईंनी गोळी बघितली, पुडी परत टेबलावर ठेवली.

"काका, हे कुत्र्याचं आहे."

"हो. पण कमी घालतो. मापानं."

"मापाचं नाही हो. टॉरिन म्हणून एक घटक असतो. कुत्र्याचं शरीर तो स्वतः तयार करतं. मांजराला ते जमत नाही. त्याला तो मांसातून, मासळीतूनच मिळावा लागतो. नाही मिळाला तर डोळ्याचा आतला पडदा मरतो. मग हृदय सैल पडतं. हिचं थोडं सुरू झालंय."

"औषध?"

"हृदय सावरेल, खाणं बदललंत तर. डोळे नाही येणार परत."

बुधाजींनी पुडी घडी घालून खिशात ठेवली. बाईंना वाटलं, त्यांना खर्चाची चिंता आहे. त्या समजुतीच्या आवाजात म्हणाल्या, "महागाचं काही नको, काका. पाकिटं नकोत. कोंबडीवाल्याकडं दिल-कलेजी मागा. त्यात दिल जास्त घ्या, कलेजी आठवड्यातून एखाददा. मांदेली, बांगडा, जो स्वस्त असेल तो. मासळीवाल्या डोकी टाकून देतात, ती सगळ्यात चांगली. काटे काढा. बिनमिठाचं, कांदा-लसूण न घालता थोडं वाफवा. आणि वाफवलेलं पाणी फेकू नका. टॉरिन पाण्यात उतरतो. पाण्यासकट घाला."

"डोकी," बुधाजी म्हणाले.

"हो. फुकट मिळतात बघा."

परतताना पिशवी मांडीवर होती. बुंदी शांत होती. बुधाजींना कारखान्यातली एक गोष्ट आठवली. एकदा पुरवठादारानं हलका कोळसा पाठवला होता. वजन बरोबर, कागद बरोबर. बुधाजींनी भट्टीत घालायला नकार दिला होता. साहेबांशी भांडले होते. "वजनाचं काय घेऊन बसलात? हा कोळसा ह्या भट्टीचा नाही. जाळ्या खाऊन टाकील." साहेबांना माघार घ्यावी लागली होती. लोखंडासाठी त्यांनी एवढं केलं होतं. बुंदीसाठी त्यांनी गोणीवरचे आकडे वाचले, आणि त्याच गोणीवरचं कुत्र्याचं चित्र बघूनही न बघितल्यासारखं केलं.

बापाचा शब्द चुकीचा नव्हता. त्या शब्दानं त्यांना ताठ उभं केलं होतं. पण तो माणसांसाठी होता, माणसांनी माणसांशी कसं वागावं यासाठी. तो त्यांनी एका मुक्या जिवाच्या ताटलीवर लावला. आणि खरं सांगायचं तर शब्दही पुरता नव्हता. मार्केटमध्ये चार लोक हसले, ते लागलं होतं. मांदेली दाम देऊन घेता आली असती, तीही त्यांनी घेतली नाही, कारण ती घ्यायला त्याच पाटीसमोर उभं राहावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी जयंती होती. सकाळी वंदना करून, पांढरा सदरा घालून, मिरवणुकीच्या आधी बुधाजी कमळाबाईपुढं जाऊन उभे राहिले.

"मांदेलीचा एक वाटा. आणि तो डबा."

"कुठला डबा?"

"मुंडक्यांचा."

कमळाबाईच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. पण तिनं त्यांचा चेहरा पाहिला आणि ते गिळलं. "काय झालं, भाव?"

"आंधळी झाली ती. माझ्या हातानं."

बाईनं डबा पिशवीत उलटा केला. बुधाजींनी नोट पुढं केली. तिनं मांदेलीपुरते घेऊन बाकीचे परत दिले. त्यांनी वाद घातला नाही. मोड खिशात टाकली.

रविवारी द्रौपदी आली. भिंती अर्ध्या रंगलेल्या, अर्ध्या जुन्या. तिनं हाक मारली तशी बुंदी आवाजाच्या दिशेनं आली आणि तिच्या पायाला अंग घासू लागली. द्रौपदी खाली वाकली.

"थांब," बुधाजी म्हणाले. "आधी ऐक."

त्यांनी सगळं सांगितलं. कमळाबाईचा डबा, हसणं, गोणी, डॉक्टरबाई. काही वगळलं नाही. द्रौपदी मांजर मांडीवर घेऊन ऐकत होती. ती रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर त्यांना सोपं गेलं असतं.

"तुम्ही मला एकदा विचारायचं होतं," ती म्हणाली. "मी काय द्यायची आणि का द्यायची, एवढंच."

"हो."

"मी बाई अडाणी. डॉक्टरनं सांगितलं ते मला काय माहीत? पण मांजर मासळी खातं, एवढं माहीत होतं."

"हो."

"मी हिला बदलापूरला नेते."

बुधाजी खाली बघत म्हणाले, "नेऊ नको. नव्या घरात आदळेल. इथं तिला वाट ठाऊक आहे."

"वाट आहे हो. वाढणारा?"

द्रौपदी संध्याकाळपर्यंत बसली. जाताना तिनं बुंदीला त्यांच्या हातात दिलं नाही. जमिनीवर ठेवलं आणि गेली.

संध्याच्या घरी फोन होता. बुधाजींच्या घरीही निवृत्तीच्या पैशांतून घेतलेला होता. द्रौपदी रोज रात्री जेवणानंतर फोन करायची. आधी विचारायची, "जेवलात का?" आता पहिला प्रश्न असायचा, "तिला काय घातलं?" बुधाजी उभे राहून सांगत. दिल तीन, वाफवून, पाण्यासकट. मांदेली चार, काटे काढून. काटे काढताना त्यांची बोटं चिरत, कल्ल्यांचा वास हाताला राही. एकेक डोकं फोडून आतलं मऊ काढायला वेळ लागे. ते उरकत नसत. पहाटे उठून बसत. पण हे कष्ट त्यांनी फोनवर कधी सांगितले नाहीत. काय घातलं तेवढंच सांगितलं. ती ऐकून "बरं" म्हणायची. मग नातवाचं, मग त्यांचं.

बुंदीच्या छातीची धडधड सावरली. अंगावर तकाकी आली. डोळे होते तसेच राहिले, मोठे, काळे, कुठंच न बघणारे. ती खाताना बुधाजी समोर बसत, पण तिनं तोंड वर केलं की दुसरीकडं बघत.

दिवाळीनंतर एका रात्री फोन आला. द्रौपदीनं नातवाच्या दाताचं सांगितलं, बदलापूरला पाणी एक दिवसाआड झाल्याचं सांगितलं, जावयाची बदली टळल्याचं सांगितलं. "बरं, ठेवते मग," म्हणाली आणि ठेवला.

बुधाजी रिसीव्हर कानाला धरून उभे राहिले. उत्तर तयार होतं. त्यांनी नंबर फिरवला.

"काय हो? काय झालं?" द्रौपदी घाबरून म्हणाली.

"आज बांगडा. अर्धा. डोक्यासकट."

"मी विचारलं का?"

"नाही."

"मग?"

"सांगितलं," बुधाजी म्हणाले.